उसनं अक्षर

आदिलाबादला ताईकडे लग्नपत्रिका आली की ताई मुहूर्त बघते, भावजी जेवणाची वेळ बघतात आणि भाचा 'शुभविवाह'मधला 'श' बघतो. "मामा, हा श उसना आहे," असं म्हणून पत्रिका माझ्या नाकाखाली धरतो. मला पाचही अक्षरं सारखी दिसतात. पण त्यानं एकदा बोट ठेवलं की संपलं. मग तो श पंगतीत शेजारच्या घरची वाटी चुकून आल्यासारखा दिसायला लागतो, आणि नवरामुलगा कोण हे राहूनच जातं.

भाचा गेम बनवतो. कापसाची बंडी शेतातून मार्केट यार्डापर्यंत न्यायची, एवढाच खेळ. भाषा मात्र तीन: मराठी, तेलुगू, गोंडी. "आपल्या इथं बोलतात ना तिन्ही?" बोलतात खरं. बैल महिनाभरात चालायला लागले. बंडी रुतली ती अक्षरांत.

त्याचं उसनवारीचं शास्त्र मला ताईच्या स्वयंपाकघरात समजलं. एका फॉन्टमध्ये सगळ्या लिप्या नसतात. अक्षर नसलं की सॉफ्टवेअर वाटी घेऊन शेजारी जातं. तिथं नसलं तर पुढच्या दारात. ही दारांची यादी म्हणजे फॉलबॅक. मिळेल ते येतं, पण जाडी वेगळी, उंची वेगळी. तेलुगूचे वत्तुलु ओळीखाली लोंबतात, ते बटणाच्या कडेला कापले जातात. मराठी ल मागावा तर बहुतेक दारांतून हिंदी वळणाचा ल येतो. "दिसतंय, पण बरोबर नाही," हे याचं आवडतं वाक्य. ताईच्या भाजीबद्दलही एकदा हेच म्हणाला होता. त्या दिवशी उपाशी झोपला.

आधीच्या सॉफ्टवेअरला वेलांटी कळत नव्हती. ती अक्षराच्या मागेच ठेवायचं, त्यामुळे 'किनवट'चं 'कनिवट' व्हायचं. भाचेसाहेब दोन दिवस जेवले नाहीत. मग गोडो नावाचं गेम बनवायचं सॉफ्टवेअर घेतलं. त्याच्या 2023 साली आलेल्या चौथ्या आवृत्तीत हार्फबझ आहे, ते वेलांटी उचलून जागेवर नेऊन ठेवतं. त्या रात्री त्यानं मला साडेअकराला फोन करून 'किनवट' वाचून दाखवलं. फोनवर वेलांटी कशी दिसणार, हे मी विचारलं नाही.

खरी फजिती पुढे. त्याच्या संगणकावर तिन्ही लिप्या झकास, कारण संगणक गुपचूप स्वतःच्या फडताळातले फॉन्ट काढून देत होता. गेम ताईच्या जुन्या फोनवर टाकला, तर गोंडीच्या जागी नुसते चौकोन.

"हे डबे कायचे रे बापा?" ताई म्हणाली.

या डब्यांना धंद्यात टोफू म्हणतात. गूगलच्या नोटो फॉन्टचं नावच 'नो टोफू'वरून पडलंय. पण हे ऐकायला ताई थांबली नव्हती, मीच सापडलो. "मामा, गुंजाला गोंडी लिपीची हस्तलिखितं आपल्याच जिल्ह्यात सापडली, नारनूर मंडळात, गुंजाला गावात! 2018ला ती लिपी युनिकोडच्या 11व्या आवृत्तीत गेली. जगभर पोचली, आणि आईच्या फोनवर डबे?" एवढा चिडलेला मी त्याला दहावीच्या निकालालाही पाहिला नव्हता. शेवटी त्यानं नोटोचा गुंजाला गोंडी फॉन्ट गेमच्या पोटातच भरला. शेजाऱ्याच्या भरवशावर राहायचंच नाही.

आता ताईच्या फोनवर गोंडी स्वच्छ दिसते. ताई बंडी चालवते आणि दर वेळी नाल्यात घालते. गेम अजून बाहेर आलेला नाही. पहिल्या पडद्यावर 'चला' आहे, आणि त्यातला ल त्याला पसंत नाही.