आधी तेल, मग फणस

मे महिन्यात साजगावात कुणाकडे गेलात आणि यजमान दोन्ही हात वर धरून, कोपराने दार ढकलत समोर आले, तर अपमान मानू नका. आत फणस फोडणं चाललंय, एवढाच त्याचा अर्थ.

खोपोलीला लागून असलेलं हे आमच्या आत्याचं गाव. बाहेरच्यांना ते कार्तिकी एकादशीमुळे ठाऊक. सारा महाराष्ट्र उपास धरतो तेव्हा इथल्या विठोबाच्या यात्रेत सुक्या बोंबलांचे ढीग लागतात. म्हणून देवाचंच नाव पडलं बोंबल्या विठोबा. पण बोंबलाचा वास हाताला फार दिवस राहत नाही. फणसाचा चीक राहतो. तो नखांच्या कडांना बसतो, मनगटावरचे केस एकमेकांना जोडतो, आणि कोयत्यावर वाळला तर काळा होऊन पुढच्या मोसमापर्यंत मुक्काम करतो.

फणसाविषयी बोलणारे सगळे गऱ्यांविषयी बोलतात. कापा चांगला की बरका, यावरून सख्ख्या भावांनी अबोला धरलेला मी पाहिलाय. चिकाविषयी कुणी चकार शब्द काढत नाही. त्यामुळे होतं काय, की नवा माणूस बेसावध सापडतो.

गेल्या उन्हाळ्यात आत्याचे नवे जावई पुण्याहून आले होते. पडवीतला फणस बघून त्यांना स्फुरण चढलं. "आई, मी फोडतो!"

"जावईबापू, आधी हाताला आणि कोयत्याला तेल लावून घ्या."

"नंतर साबणाने धुतो की!"

आत्या गप्प बसली. जावयाला एकच गोष्ट दोनदा सांगायची पद्धत आमच्याकडे नाही.

कोयता आत गेला तो बाहेर येईना. आला तेव्हा सोबत पांढऱ्या तारा घेऊन आला. जावईबापूंनी त्या बोटांनी पुसल्या, मग ती बोटं दुसऱ्या हाताने पुसली, आणि तेवढ्यात बँकेच्या ओटीपीची वाट बघत असलेला त्यांचा फोन वाजला. फोनने अंगठा ओळखायला साफ नकार दिला. पुढचा प्रवेश मोरीत. तिथे साबणाची वडी हाताला चिकटून बसली. निसटणं हाच जिचा जन्मजात धर्म, ती वडी सोडवायला दोन माणसं लागली. टॉवेलचं काय झालं ते सांगत नाही. तो आहेराचा होता.

मग उपाय सुचवणाऱ्यांची गर्दी झाली. कुणी लिंबू आणलं. पुतण्याने करोनाच्या काळातली सॅनिटायझरची बाटली शोधून काढली. दोन्हींनी काही झालं नाही, कारण चिकात असतं रबर आणि राळेसारखे पदार्थ. ताज्या चिकात त्यांचे बारीक थेंब पाण्यात तरंगत असतात. हवा लागून पाणी उडालं की थेंब एकमेकांना बिलगतात, आणि मग त्यांना पाण्याची ओळख राहत नाही. रबर अल्कोहोललाही भीक घालत नाही. ते नमतं तेलापुढे.

शेजारच्या काकूंनी रॉकेल सुचवलं, त्यावर पोरं हसली. हसू नये. स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉशने 1823 मध्ये पेटंट घेतलं ते नॅफ्थ्यात, म्हणजे रॉकेलच्याच भाऊबंदात, रबर विरघळवून कापडाला जलरोधक करण्याचं. रेनकोटचा जन्म तिथला. काकू योग्य परंपरेतल्या होत्या. फक्त रॉकेलने धुतलेल्या हातांनी गरे खाता येत नाहीत आणि कातडीही तडतडते.

शेवटी आत्याने खोबरेल ओतलं. पाण्याचा थेंब न लावता कोरड्या हातांवर चोळायला लावलं, चीक सैल झाल्यावर जुन्या वर्तमानपत्राने पुसायला लावला, आणि मगच साबण दिला. कोयत्याचंही तेच: तेल, जरा दम, कागदाने ओढून काढणं, मग राख आणि काथ्या. उरलेला चीक पोरांनी काडीला गुंडाळून पळवला. कशासाठी ते विचारू नये.

या चिकाला सासरचं नातंही आहे. वटपौर्णिमेच्या वाणात फणसाचे गरे लागतात, आणि वड व फणस वनस्पतिशास्त्राप्रमाणे एकाच कुळातले. दोघांच्याही अंगात चीक. सात जन्म एकाच माणसाला चिकटून राहण्याचं व्रत या दोघांच्या साक्षीने करणाऱ्या बायकांना झाडांची पारख नव्हती असं कोण म्हणेल?

माझं मत असं की, फणस एकट्याने फोडायचं फळ नव्हे. तुमचे हात बरबटले की नाकावरची माशी दुसऱ्याने हाकलायची, फोन तिसऱ्याने कानाला लावायचा आणि पहिला गरा कुणीतरी तोंडात घालायचा. आंबा खोलीचं दार लावून खाता येतो. फणसाला माणसं लागतात, निदान तेल ओतणारं एक तरी.

तेव्हा यंदा फणस आणलात तर आधी घरात कोण आहे ते बघा. कुणीच नसेल, तर सोललेले गरे विकत घ्या. तेही जमत नसेल, तर निदान तेलाच्या बाटलीचं झाकण आधीच उघडून ठेवा.