रांगेबाहेरचे

उज्जैनला एका देवळाच्या रांगेत उभा होतो. कुठल्या ते सोडा, सगळीकडे रांग सारखीच.

पुढे बार्शीच्या एक काकू. हातात बेलाची परडी, मोबाइल ठेवल्याची पावती पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलेली. आत मोबाइल न्यायचा नाही अशी पाटी होती, काकूंनी ती मुकाट पाळली. तेवढ्यात बाजूची दोरी उचलून एक जण आत घुसला. मागोमाग त्याची बायको. मग मेहुणा. मेहुण्याच्या हातात मोबाइल.

काकू म्हणाल्या, "दादा, आपणच येडे."

लोक नियम का मोडतात, याचं तयार उत्तर प्रत्येकाच्या खिशात असतं. संस्कार नाहीत. शिस्त नाही. आपल्या लोकांना दंडुकाच हवा.

मग तोच मेहुणा विमानतळावर पिशवी पायाशी ठेवून गुपचूप कसा उभा राहतो? संस्कार काय बोर्डिंग पासबरोबर मिळतात?

रॉबर्ट मर्टन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1938 सालीच दुखण्यावर बोट ठेवलं होतं. समाज ध्येय सगळ्यांना एकच देतो, तिथवर जायचा रस्ता मात्र सगळ्यांना देत नाही. रस्ता नसला की माणूस आडवाट शोधतो. 2022च्या ऑक्टोबरात महाकाल मंदिराचा 'महाकाल लोक' हा परिसर खुला झाला आणि देशभरातून माणसं लोटली. देव एक, दरवाजा अरुंद, वाट्याला येतात काही सेकंद. आडवाट निघणारच.

ती निघालीही. 2024च्या डिसेंबरात दर्शनासाठी भाविकांकडून पैसे उकळल्याच्या प्रकरणात महाकाल मंदिरातल्याच कर्मचाऱ्यांना पोलिसांनी अटक केली. गुन्हेशास्त्रज्ञ एडविन सदरलँड म्हणायचा, गुन्हा रक्तात नसतो, तो संगतीत शिकला जातो. जसं सुताराचं काम शिकावं तसं, शेजारच्याच्या हाताकडे बघत.

आणि 250 रुपयांचं शीघ्रदर्शनाचं तिकीट? ते खिडकीवर मिळतं, पावतीसकट. पैसे मोजून पुढे जाणं खिडकीच्या आत व्यवस्था, खिडकीच्या बाहेर गुन्हा. फरक आहे, मान्य. एक पैसा मंदिराच्या तिजोरीत जातो, दुसरा कुणाच्या तरी खिशात. पण मागे उभ्या असलेल्या काकूंचे पाय दोन्ही वेळा तेवढेच दुखतात.

आता उज्जैनच्याच कालभैरवाकडे चला. तिथे देवाला दारू चढते. पुजारी बशी मूर्तीच्या ओठाला लावतो, बशी रिकामी होते, उरलेली बाटली प्रसाद म्हणून परत. हे शतकांपासून चालू आहे, आणि ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याची पगडी भैरवाच्या डोक्यावर बसते. 1 एप्रिल 2025 पासून मध्य प्रदेश सरकारने 19 धार्मिक ठिकाणी दारूविक्री बंद केली, त्यात उज्जैन. देवळाबाहेरची दुकानंही मिटली. नैवेद्य चालूच, बाटली बाहेरगावाहून येते.

म्हणजे 31 मार्चला जो देवाचं काम करत होता, तो 1 एप्रिलला तेच विकेल तर आरोपी. बाटली तीच. देवही तोच.

समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकरचं म्हणणं हेच होतं. कृतीत गुन्हा कोरलेला नसतो, शिक्का मारणारा हात तो ठरवतो. त्याच्या 1963च्या पुस्तकाचं नाव 'आउटसायडर्स'. बाहेरचे. आपल्याकडे अनुवाद करताना पंचाईत होईल. आपल्याकडे रांगेबाहेरचे असतात तेच आधी आत पोचतात.

खोटं वाटतं? 4 जुलै 2023 पासून महाकालाचं गर्भगृह सामान्य भाविकाला बंद आहे. गर्दी फार, म्हणून. ठीक. मग 2024च्या ऑक्टोबरात कल्याणचे खासदार श्रीकांत शिंदे सहकुटुंब आत दिसले. मंदिर प्रशासन म्हणालं, परवानगी दिलीच नव्हती. परवानगी नव्हती तर दार कुणी उघडलं?

पुढे गर्भगृहात कोणाला सोडायचं हा वाद उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात गेला. 2025 मध्ये खंडपीठाने तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा मानला. थोडक्यात, साहेब ज्याला मोठा म्हणतील तो मोठा. बेकरला पुस्तक लिहावं लागलं, आपल्याकडे एका सहीत भागतं.

आता सबबी. सायक्स आणि मात्झा या समाजशास्त्रज्ञांच्या जोडीने 1957 मध्ये दाखवलं की नियम मोडणाऱ्याला नियम पटलेला असतो. म्हणून मोडण्याआधी तो सबब तयार ठेवतो. माझा नाइलाज होता. कुणाचं काय बिघडलं? तुम्ही कोण विचारणारे? मी माझ्या माणसांसाठी केलं.

उज्जैनचा राजा महाकाल, म्हणून दुसऱ्या राजाने इथे रात्र काढू नये, अशी रूढी. मोहन यादव याच गावचे. 13 डिसेंबर 2023 ला मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री झाले आणि तीन दिवसांनी उज्जैनला मुक्कामाला राहिले. सबबी दोन. मी राजा नाही, महाकालाचा मुलगा आहे. आणि ही रूढीच शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला हलवताना पसरवलेली युक्ती आहे.

खापर मराठ्यांवर!

मला त्यांचं राहणं मुळीच खटकत नाही. स्वतःच्या घरात झोपायला कुणाची परवानगी हवी? खटकतं ते वेगळंच. मुख्यमंत्र्याने रूढी मोडली की तो विचार ठरतो. घरातल्या सुनेने मोडली की तिच्या माहेराचा उद्धार होतो. सुनेकडेही सबब असते. ती ऐकायला कॅमेरे येत नाहीत.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमने 1895 सालीच सांगून ठेवलं, नियमभंग नाही असा समाजच नसतो. संतांच्या मठातसुद्धा एखादी बारीक चूक मोठं पाप ठरेल. नियम मोडला की लोक चिडतात, आणि त्या चिडण्यातून नियम पुन्हा जिवंत होतो. नियमाला जगायला लोकांचा राग लागतो.

आमच्या रांगेत राग कुठे होता? मेहुणा घुसला तेव्हा मागच्या पन्नास जणांपैकी एकानेही "ओ भाऊ" म्हटलं नाही. मीही नाही. मला याचीच जास्त लाज वाटते. दोरी उचलणाऱ्याला संकोच नव्हता, संकोच आम्हालाच वाटला. काकूंना तर चीडही आली नाही, स्वतःच मूर्ख ठरल्यासारखं वाटलं.

दीड तासाने काकूंना दर्शन झालं. हात जोडायला परडी काखेत धरावी लागली, तोवर "चलो, चलो" आलंच. बेल तसाच परत.

बाहेर मोबाइल घ्यायला त्या पदराची गाठ सोडत होत्या. दातांनी सोडवावी लागली, इतकी घट्ट.

"अठ्ठावीस साली सिंहस्थ आहे ना," त्या म्हणाल्या. "आमच्या गल्लीतल्या एकाची इथे ओळख आहे म्हणतात. येताना त्याचा नंबर घेऊनच येते."