रानफुलांचा बाजारभाव

गोव्यातल्या मुळगावच्या सुखवस्तू गृहस्थास चतुर्थीच्या आदल्या दिवशी डिचोलीच्या बाजारात गाठावे, म्हणजे अर्थशास्त्राचा एक अपूर्व सिद्धान्त दृष्टीस पडतो. घाटावरून ट्रकात दबून आलेल्या झेंडूचा भाव तो मुकाट्याने देतो, कारण ती फुले शेतात लावलेली, खुडलेली, तोललेली, म्हणजेच रीतसर जन्मास आलेली असतात, परंतु गणपतीवर रानफळाफुलांची जी चौकट टांगतात त्या माटोळीसाठी कांगलां, हरणां आणि घागऱ्यो मांडून बसलेल्या सत्तरी तालुक्यातल्या बाईसमोर उभा राहताच त्याची न्यायबुद्धी खडबडून जागी होते आणि "रानातली तर आहेत, फुकटची!" असा निवाडा तो तत्काळ देऊन टाकतो. भर पावसात डोंगर चढणे, जळवांना रक्ताचा महसूल भरणे आणि वर बसचे भाडे, या बाबी त्याच्या दप्तरी रुजूच नसतात.

"मग आपणच का आणीत नाही?" असे विचारावे, तर तो गावच्या डोंगराकडे बोट दाखवतो. पोर्तुगीज अमदानीत मिळालेल्या आणि 1987 च्या कायद्याने पट्टे ठरलेल्या खाणींच्या सनदांनी या परिसरातली माती, तीवरच्या फुलांची हरकत न ऐकता, जहाजांत भरून जपानकडे रवाना केली. त्या व्यवहारात मात्र कोणी घासाघीस केल्याचे ऐकिवात नाही.

सरकारच्या कला व संस्कृती संचालनालयाने माटोळीच्या स्पर्धा भरविल्यापासून आमच्या गृहस्थात थोडी सुधारणा झाली आहे. बक्षिसाची आशा असली, की दुर्मिळ वेलीला तो विनातक्रार दुप्पट मोबदला मोजतो, आणि ती आपण कोणत्या रानातून, किती सायासाने आणली, हे परीक्षकांना सविस्तर सांगतो.