कटरवाले अण्णा

सोलापुरात मे महिन्यातल्या एखाद्या संध्याकाळी वळीव येतो. धुळीचा लोट उठतो, चार थेंब पडतात आणि लाइट जाते. ती का गेली हे कळायच्या आत मागच्या गल्लीतून घर्रर्र असा आवाज येतो. म्हणजे कुठंतरी कडुलिंब तारांवर आडवा झालाय आणि महावितरणची गाडी यायच्या आधी कटरवाले अण्णा पोचलेत.

हे अण्णा एक नाहीत. जुळे सोलापुरात एक आहेत, अक्कलकोट रोडला एक, विजापूर रोडला दोन, आणि त्या दोघांचं आपसात बोलणं नाही. वय पन्नाशीच्या पुढं. अर्धा जन्म यंत्रमागावर जॉबर म्हणून गेलेला, मुलगा नोकरीला पुण्यात, दिवस जाता जात नाही. अशा वेळी कुणीतरी त्यांना लाकूड कापायचं कटर मशीन दाखवतं. ५८ सीसी, २२ इंची पातं, पेटीवर हिरवंगार जंगल आणि आत चिनी भाषेतलं माहितीपुस्तक. अण्णांना मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तिन्ही भाषा घरच्यासारख्या येतात. चौथी येत नाही, म्हणून पुस्तक पेटीत राहिलं आणि मशीन बाहेर आलं.

मशीन हातात आल्यावर माणसाची नजर बदलते. पूर्वी अण्णा रस्त्यानं जाताना माणसं बघायचे, आता बुंधे बघतात. कुणाच्या लग्नाला गेले तरी मांडवामागचा गुलमोहर कुठं कलतोय हे आधी सांगतात. २०२३ च्या जूनमध्ये विमानतळासाठी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, तेव्हा अख्खं शहर राजकारण बोलत होतं. अण्णांचं म्हणणं एवढंच, "चिमणी काय आन् झाड काय, बुडाला खाच कुठं घ्यायची ते कळलं की झालं. आपल्याला इचारायला पायजे होतं की ओ."

आता ही खाच म्हणजे काय, ते सांगायला हवं. झाड ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूनं आधी बुंध्यात तिरकी खाच घ्यायची, जाडीच्या पाचव्या हिश्श्यापासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. मग मागच्या बाजूनं थोडा वर काप द्यायचा, पण आरपार जायचं नाही. मधे साधारण दहाव्या हिश्श्याएवढं लाकूड शिल्लक ठेवायचं. ते बिजागरीसारखं वळतं आणि झाड ठरल्या दिशेनं बसतं. काप मिटायला लागला तर पाचर ठोकायची. आणि कापायला लागण्याआधीच मागं तिरकी, पळायची वाट मोकळी करून ठेवायची. यातली पळायची वाट अण्णा न चुकता पाळतात.

अण्णा शिकत नाहीत असं मात्र म्हणता येणार नाही. प्रत्येक फजितीतून ते धडा घेतात, फक्त तो त्या झाडाबद्दलचा असतो. पहिल्याच लिंबात पातं अडकलं. बुंधा पात्यावर बसला, मशीन तिथंच लटकलं आणि सगळी दुपार रहदारी तुंबली. शेवटी मशीन सोडवायला शेजाऱ्याची कुऱ्हाड आणावी लागली. पाचर ठोकली असती तर काम पाच मिनिटांचं होतं. अण्णांचा धडा: "लिंब लई चिकट असतोय."

पुढं सुबाभूळ आली. कललेलं झाड, अण्णांनी खाच न घेता सरळ मागून काप घातला. अर्ध्यात बुंधा उभा चिरत वर गेला आणि त्याचं फाळकं डोक्याच्या उंचीवर मागं सटकलं. अण्णा वाचले ते पळायच्या वाटेमुळं. धडा असा की सुबाभळीवर भरवसा ठेवू नये. तेव्हापासून सुबाभूळ म्हटलं की ते जावयाला पाठवतात.

चिंचेच्या फांदीची गोष्ट शहाण्यानं लक्षात ठेवण्यासारखी आहे. बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवणाऱ्याची गोष्ट अण्णांनी ऐकलेली, म्हणून ते फांदीवर बसले नाहीत, शिडी लावली. कापायच्या फांदीलाच लावली, पण कापाच्या आतल्या बाजूला, म्हणजे हिशेबानं बरोबर. टोक तुटून पडलं, ओझं उतरलेली उरली फांदी हातभर वर उचलली, आणि शिडीचा आधार गेला. खाली कडब्याची गंजी होती. अण्णा त्या गंजीचं श्रेय स्वतःच्या नियोजनाला देतात.

रस्त्याकडेच्या झाडात खिळे असतात, हेही असंच कळलं. एका क्लासची 'हमखास यश' अशी पाटी लिंबाला ठोकलेली होती. पाटी कधीच गेली, सालीनं खिळा गिळला. चेन त्यावर गेली, ठिणग्या उडाल्या आणि दात बोथट झाले. हमखास यशाचा तेवढा एकच परिणाम गल्लीनं पाहिला.

पण अण्णांची खरी प्रतिभा दिसली ती उसळीनंतर. पात्याच्या नाकाचा वरचा चतकोर भाग लाकडाला टेकला की मशीन एका झटक्यात तोंडाकडं उसळतं. म्हणूनच त्यावर पुढं ब्रेकची मूठ असते. ती 'सारखी मधी येते' म्हणून अण्णांनी काढून ठेवली होती. उसळी आली, कपाळाशेजारून गेली, टोपी घेऊन गेली. घरात बोलणी बसली. मग अण्णांनी मोबाइलवर परदेशी लाकूडतोड्यांचे व्हिडिओ बघितले आणि त्यांना कळलं, की त्या लोकांच्या पँटीच्या अस्तरात लांबलचक दोरे असतात. चेन लागली की दोरे ओढले जाऊन दात्यांच्या चक्रात गुंततात आणि मशीन जागेवर थांबतं.

दोरे! तेही सोलापूरच्या जॉबरला! चक्रात दोरा गुंतून यंत्र थांबतं हे अण्णांनी उभी नोकरी पाहिलेलं, तेव्हा त्याला साहेब ओरडायचा. त्याच दिवशी त्यांनी काकूंची कोरी जॅकार्ड चादर काढली, भौगोलिक मानांकन मिळालेली, मोराच्या नक्षीची, आणि शिंप्याकडून तिची दुहेरी पँट शिवून घेतली. ते परदेशी दोरे खास कृत्रिम तंतूंचे असतात आणि चादर सुताची, हे सांगायला गेलेल्या माणसाला त्यांनी "का बे, तू मागावर होतास काय?" असं विचारून गप्प केलं. पारा चव्वेचाळीसला, अंगात दुहेरी चादर, डोक्यावर नातवाचं क्रिकेटचं हेल्मेट, पायात मात्र स्लिपर. पहिल्या दिवशी अण्णा आडवे झाले, ते चेननं नव्हे, उन्हानं. पँट अजून आहे. थंडीत वापरतात.

याच शहरात लाकडाच्या वखारीवर एखादा म्हातारा असतो. तो झाडाभोवती दोन फेऱ्या मारतो, कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूनं बुंधा ठोकून पोकळ वाजतोय का ते ऐकतो, वर शेंड्याकडं बघतो आणि म्हणतो, "आज न्हाई. वारं हाय." अण्णा याला भित्रेपणा म्हणतात. त्या म्हाताऱ्याची दहाही बोटं शाबूत आहेत, आणि माझ्या मते या धंद्यातली तीच पदवी.

परवानगीचं विचारलं की अण्णा दुसरीकडं बघतात. शहरातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची संमती लागते. २०२१ च्या दुरुस्तीनं तर पन्नास वर्षांच्या पुढचं झाड वारसा वृक्ष ठरतं आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी रोपं लावावी लागतात. तेव्हापासून आजोबांनी लावलेला लिंब मालकाच्या तोंडी एकदम बारा वर्षांचा होतो. अण्णा त्याला साक्षीदार म्हणून उभे राहतात, कारण वय त्यांना बुंध्यावरून कळतं.

वादळात पडलेल्या झाडाला अण्णांना खुशाल बोलवा, पण आधी तारेतली वीज बंद झाल्याची खात्री करा आणि मुलं लांब ठेवा. उभ्या झाडासाठी महापालिकेत अर्ज द्या, वखारीवरच्या म्हाताऱ्याला गाठा. आणि दारात झाड असलेल्या घरी अण्णा चहाला आले, तर त्यांना खिडकीकडं पाठ करून बसवा.