उशिरा पेटणारी ट्यूब

माझ्या प्रीॲम्पच्या डाव्या बाजूला खरखर सुरू झाली ती किशोरीताईंच्या भूपात. वाटलं, रेकॉर्डवर धूळ असेल. रेकॉर्ड पुसली. मग वाटलं, सुई झिजली असेल. सुई बदलली. मग वाटलं, कानच गेला असेल. कान बदलून मिळत नाही, म्हणून व्हॉल्व्ह बदलायचं ठरवलं.

प्रीॲम्प म्हणजे काय, हे मी घरात तीनदा सांगितलंय आणि तिन्ही वेळा कुकरची शिट्टी झालीय. रेकॉर्डच्या सुईतून निघतो तो आवाज कसला, जेमतेम आवाजाची अफवा. एका व्होल्टाचा काही हजारावा हिस्सा. तिला हाताला धरून मोठ्या ॲम्प्लिफायरच्या दारापर्यंत आणून सोडणारं खोकं म्हणजे प्रीॲम्प. १९४७ साली ट्रान्झिस्टर निघाला आणि शहाण्या जगाने हे काम त्याच्याकडे सोपवलं. माझ्या खोक्यात मात्र अजून काचेचे व्हॉल्व्ह आहेत. त्याची किंमत बायकोला ठाऊक आहे, म्हणजे निम्मी.

अमेरिकेत व्हॉल्व्हला ट्यूब म्हणतात. आपल्याकडे ट्यूब फक्त डोक्यात पेटते, तीही उशिरा. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझ्या खोक्यात ईसीसी ८३ जातीचे दोन व्हॉल्व्ह, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. हाच प्राणी अमेरिकेत १२एएक्स७ होतो आणि ब्रिटिश फौजेत गेला की सीव्ही ४००४. घरी बंड्या, शाळेत श्रीधर, पत्रिकेत भलताच कोणीतरी, तसं. त्यातल्या त्यात युरोपीय नावाला अर्थ आहे. ई म्हणजे आतली तार तापायला ६.३ व्होल्ट लागतात, दोन सी म्हणजे एका काचेत दोन ट्रायोड नांदतात, आणि ८ म्हणजे बुडाला नऊ पिना. ८ म्हणजे नऊ कसे, हे मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

आता खरेदी. साखरपुड्याची साडी घ्यायला निघालेल्या मंडळींचा निर्णय लवकर होतो. ब्लॅकबर्नच्या कारखान्यातला जुना मुलार्ड घ्यायचा की जर्मन टेलिफुंकन? मुलार्ड नावाचा नवाही मिळतो, पण तो रशियात सारातोव्हला तयार होतो. इंग्लंडचं त्यात नाव तेवढं उरलंय. २०२२च्या युद्धानंतर या रशियन मालाचेही भाव चढले. स्लोव्हाकियाचा नवा माल त्या मानाने स्वस्त. आणि वर्णनं अशी, की वाचता वाचता भूक लागावी. हा ‘मऊ आणि गोडसर’, तो ‘भरदार पण तळाशी किंचित सैल’, तिसरा ‘कडेला खुसखुशीत’. मला आधी उकडीचा मोदक आठवला, मग अनारसा.

शिवाय जोडी जुळलेली हवी. दोन्ही व्हॉल्व्हांची मोजमापं घेऊन, गुण जमवून, चिठ्ठी लावून जोडी विकतात आणि जुळवणीचे पैसे वेगळे लावतात. आमच्या लग्नात गुरुजींनीसुद्धा ते दक्षिणेत धरले होते.

पहिली आली स्लोव्हाक जोडी. लावली आणि खरखर गायब! मी वहीत टिपलं, ‘मध्य सप्तक भरदार. तानपुरा खोलीत येऊन बसला.’ नवव्या दिवशी खरखर परत. मग रशियन जोडी. खरखर गायब! ‘स्वरांना कड आली. स्लोव्हाक जरा ढिसाळच होते.’ आठवडाभरात खरखर परत. तेव्हा मनाशी म्हटलं, स्वस्तात जाऊन उपयोग नाही.

जर्मन जोडी आली ती पन्नास-साठ वर्षं पेटीत पडून राहिलेली, न वापरलेली. असल्या मालात लेबल पुसून दुसरं छापणारे महाभाग पुष्कळ, म्हणून भिंग घेऊन बसलो. टेलिफुंकनची खूण लेबलावर नसते; बुडाला, पिनांच्या मधोमध, काचेतच उठवलेला इवलासा चौकट असतो, पत्त्यांतल्यासारखा. सापडला! मग डोकं पाहिलं. काचेच्या आत माथ्यावर आरशाच्या पाठीसारखा चंदेरी डाग असतो. तो बेरियमचा, आत उरलासुरला वायू गिळायला ठेवलेला. हा डाग दुधासारखा पांढरा पडला तर समजावं, हवा शिरली, व्हॉल्व्ह वारला. माझे दोन्ही डाग लखलखीत होते. नातवाचा पहिला दात मी एवढा निरखून पाहिला नव्हता, आणि तशी तक्रार आजही ऐकतो.

जर्मन जोडीवर वहीची दोन पानं भरली. बाराव्या दिवशी, नेमक्या त्याच भूपात, डावीकडून खर्र.

त्या रविवारी मामा जेवायला आला. मामा ८४ वर्षांचा. तरुणपणापासून त्याने बुधवार पेठेत चाळीसएक वर्षं रेडिओ दुरुस्त केले. त्या काळी रेडिओला पोस्टातून लायसन्स काढावं लागे आणि व्हॉल्व्ह बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे येत. आता त्याच्या एका कानात यंत्र आहे. मी त्याला वही वाचून दाखवली. तो शांतपणे ऐकत होता. नंतर कळलं, यंत्र बंद होतं.

“काय रे बाळ्या, डावा-उजवा बदलून पाहिलास का?” एवढंच त्याने विचारलं.

मी छप्पन्न वर्षांचा बाळ्या गप्प.

त्याने पेन्सिल मागितली. तिच्या रबराच्या टोकाने डावा व्हॉल्व्ह हलकेच हलवला. खर्रर्र! बंद यंत्रातूनही त्याला ऐकू गेलं असावं. मग बंद करून दोघांची अदलाबदल केली, पुन्हा चालू केलं, पुन्हा डावीकडेच पेन्सिल. खर्रर्र!

“व्हॉल्व्ह इकडचा तिकडे गेला, खरखर गेली नाही. व्हॉल्व्हांना कशाला बदनाम करतोस? सॉकेट ढिलं झालंय. तू नवा व्हॉल्व्ह खोचलास की पिना घासल्या जातात, चार दिवस बरं चालतं. जुनाच काढून पुन्हा खोचला असतास तरी तेवढंच बरं झालं असतं.”

म्हणजे तो भरदारपणा, ती कड, खोलीत येऊन बसलेला तानपुरा... बायको वाटीत आमरस वाढत होती. ती काही बोलली नाही. तीस वर्षांच्या संसारात इतकं काही न बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

मामाने वायर भिंतीतून काढायला लावली आणि आत अडीचशे व्होल्ट खेळत असतात म्हणून, कंडेन्सर उतरेपर्यंत, दुसऱ्यांदा आमरस घेतला. मग कंडेन्सर उतरल्याची मीटरने खात्री करून घेतली. बायकोच्या शिवणाच्या डब्यातली सुई घेऊन सॉकेटाची एकेक पकड आत दाबली, पिना खोडरबराने पुसल्या आणि व्हॉल्व्ह खोचला. जर्मन नाही, सगळ्यात पहिला, मी डब्यात टाकून दिलेला.

त्याला सहा महिने झाले. खरखर नाही.

तर, विकणे आहे : ईसीसी ८३, स्लोव्हाक एक जोडी, रशियन एक जोडी, जेमतेम आठवडाभर वापरलेल्या. सोबत वही मोफत. जर्मन जोडी विकायची नाही. तिचा आवाज खरंच वेगळा आहे.