विसरण्याची अट

लंडनचे चित्रकार ऑस्टिन ऑस्मन स्पेअर यांनी १९१३ साली मांडलेली सिजिलची, म्हणजे इच्छेपासून घडवलेल्या जादुई चिन्हाची, कल्पना केऑस मॅजिक या आधुनिक जादूपंथाच्या मंडळींनी पुढे घरगुती पाककृतीइतकी सोपी केली: इच्छा लिहा, पुन्हा आलेली अक्षरं खोडा, उरलेली एकमेकांत गुंफून आकृती काढा, तंद्रीत ती मनात मुरवा आणि मूळ इच्छा साफ विसरा. खरी किमया या शेवटच्या अटीत आहे. काम झालं तर श्रेय आकृतीला. फिसकटलं तर तुम्ही नीट विसरला नाहीत. मागणीच आठवत नसेल, तर तक्रार कोण करणार? समर्थक म्हणतात, हे अंतर्मनाचं तंत्र आहे. असेल, पण मग इच्छेची तारीखवार नोंद तिऱ्हाइताकडे ठेवायला हरकत नसावी. विसरायचं साधकाने आहे, हिशेबाच्या वहीने नव्हे.