चिरंजीवांची निवृत्ती

तीर्थस्वरूप अप्पा आणि आई, मु. पो. मंठाळ, ता. बसवकल्याण, जि. बिदर, यांना एडिसन, न्यू जर्सीहून सर्वांचा साष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, आपले चिरंजीव निवृत्त व्हायचं म्हणतात. घाबरू नये. प्रकृती ठणठणीत आहे, नोकरीही शाबूत आहे. वय ४२. थोरली नात आठ वर्षांची, धाकटा चार. फोनवर सांगितलं असतं तर अप्पांनी आधी "कंपनीनं काढलं का रे?" असं विचारलं असतं आणि आईंनी फोन ठेवायच्या आत नवस बोलला असता. म्हणून सूनबाईंनी सविस्तर पत्र लिहायचं ठरवलं.

चिरंजीव काही एकटे बिघडलेले नाहीत. इकडे या पंथाला 'फायर' म्हणतात. पुंजी लवकर जमवायची आणि नोकरीला रामराम ठोकायचा. जो डोमिंगेझ नावाच्या गृहस्थांनी १९६९ मध्ये, ३१ व्या वर्षी वॉल स्ट्रीटवरची नोकरी सोडली आणि पुढे १९९२ मध्ये विकी रॉबिनबाईंबरोबर पैसा आणि आयुष्य या विषयावर पुस्तक लिहिलं. ते पुस्तक पंथाची पोथीच झालं. अलीकडचे महाराज म्हणजे पीट अ‍ॅडनी. हे सॉफ्टवेअर इंजिनिअर २००५ मध्ये तिशीत नोकरीतून उठले, पुढच्या वर्षी त्यांना मुलगा झाला. चिरंजीव त्यांचं उदाहरण उठताबसता देतात. मात्र अ‍ॅडनी पुढे सुतारकाम करत होते आणि लिखाणातून चांगले पैसेही मिळवत होते, हे सूनबाईंनी शोधून काढल्यावर घरात जरा शांतता पसरली.

हिशोब असा. बिल बेंगेन या कॅलिफोर्नियातल्या आर्थिक सल्लागारानं १९९४ मध्ये बाजाराचे जुने आकडे तपासून सांगितलं की पुंजीतून पहिल्या वर्षी शेकडा चार काढावेत, पुढे दरवर्षी महागाईइतके वाढवावेत, म्हणजे पैसा ३० वर्षं पुरतो. अप्पांच्या पेन्शनला महागाई भत्ता लागतो तसंच हे, फक्त तो भत्ता सरकार देतं आणि इथे आपल्याच गाठोड्यातून काढून आपल्यालाच द्यायचा. उलटं मांडलं तर वर्षाच्या खर्चाच्या पंचवीसपट रक्कम हवी. घरखर्च ८०,००० डॉलर धरला तर २० लाख डॉलर. चिरंजीवांच्या वहीत ही रक्कम अजून भरलेली नाही, पण फार लांबही नाही. वहीवर दत्तगुरूंचा फोटो चिकटवला आहे.

पण बेंगेन यांच्यापुढे साठी-पासष्टीचा माणूस होता. ४२ व्या वर्षी उठणाऱ्याला ९२ गाठायचं तर पैसा ५० वर्षं पुरायला हवा. आणि आपल्या घराण्यात नव्वदीच्या आत कुणी हलत नाही, हे चिरंजीव सोयीस्कर विसरतात.

शिवाय पोरं. अमेरिकेच्या कृषी खात्यानंच हा हिशोब करून ठेवलाय (खातं शेतीचं, चौकशी पोरांची!). २०१५ मध्ये जन्मलेलं मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत मध्यमवर्गीय नवराबायकोला २,३३,६१० डॉलर खर्च येईल असा त्यांचा अंदाज होता. त्यात कॉलेज धरलेलं नाही. आपल्या घरी पोरं दोन. त्यावर न्यू जर्सीचा घरपट्टीसारखा कर, ज्याची राज्यातली सरासरीच आता वर्षाला १०,००० डॉलरच्या वर गेली आहे. नोकरी सोडली म्हणून तो माफ होत नाही.

चिरंजीवांच्या वहीत निवृत्तीचा दिनक्रमही आहे. सकाळी फिरणं, मग वाचन, दुपारी तबला, संध्याकाळी मुलांबरोबर "दर्जेदार वेळ". इथली शाळा वर्षाला १८० दिवस भरते. उरलेल्या १८५ दिवसांचं काय, ते वहीत नाही. रंगीत तालीम म्हणून त्यांनी उन्हाळ्यात रजा घेऊन पाहिली. शाळा जूनअखेर बंद होते ती सप्टेंबरात उघडते. थोरलीचं पोहणं, धाकट्याचा दात, दोघांची भांडणं, दर तासाला "बाबा, भूक!" फिरणं झालं ते किराणा आणण्यापुरतं, वाचन झालं ते औषधाच्या बाटलीवरच्या सूचनांचं. तबल्यावर धाकट्यानं चित्र काढलं. रजा संपायच्या आत चिरंजीवांनी आपणहून ऑफिसला फोन करून विचारलं, "काही अडलंय का?"

काही अडलेलं नव्हतं. ते त्यांना फार लागलं.

खरी मेख विम्यात आहे. इथे आरोग्यविमा नोकरीबरोबर येतो. सरकारी मेडिकेअर मिळते ती ६५ व्या वर्षी. मधल्या काळासाठी २०१४ पासून सरकारनं उघडलेल्या विमा-बाजारातून विमा घेता येतो, पण चौघांचा हप्ता घरखर्चात मोठी जागा खातो. चिरंजीवांच्या वहीत 'विमा' या ओळीपुढे रक्कम लिहिलेलीच नव्हती. तिथे सूनबाईंच्या कंपनीचं नाव होतं. म्हणजे निवृत्ती एकाची आणि नोकरी दुसरीची! निवृत्तीखात्यातले पैसे साडेएकोणसाठच्या आधी काढले तर काही अपवाद वगळता १० टक्के दंड. सोशल सिक्युरिटीचं पेन्शन ठरतं ते कमाईच्या सर्वांत चांगल्या ३५ वर्षांवरून. यांची इथली कमाई १५ वर्षांची, म्हणजे बाकीचे २० भोपळे धरून सरासरी निघणार. अप्पा गणिताचे मास्तर होते, त्यांना वेगळं समजवायला नको.

मग चिरंजीवांनी हुकमाचं पान टाकलं: मंठाळला येऊन राहू. तिथे खर्च किती लागतो! बांधालगतचं रान घेऊ, तूर-सोयाबीन करू. पण दोघांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलंय, हातात परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं ओसीआय कार्ड आहे. त्या कार्डावर भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशानं आली तरच ठेवता येते. तेव्हा आपलं रान अप्पांच्याच नावावर असू द्यावं आणि अप्पांनी शंभर वर्षं जगावं. पोरांच्या शाळेचाही प्रश्न आहे. कर्नाटकात २०१५ च्या कायद्यानं शाळेत कन्नड शिकावीच लागते. थोरली रविवारच्या मराठी शाळेत आत्ता कुठे 'ळ' काढायला लागली आहे. आजीला दोन्ही भाषा येतात, हा एवढाच दिलासा.

चिरंजीवांनी शेवटी गावाकडचाच दाखला काढला. म्हणाले, बसवण्णांनी नाही का बिज्जलाच्या खजिन्याची मोठी नोकरी सोडली? सूनबाईंनी आठवण करून दिली की कल्याणच्या त्याच बसवण्णांनी कायक शिकवलं, म्हणजे हातानं काम केल्याशिवाय घास नाही. मग ते गोखल्यांवर आले. गोपाळ कृष्ण गोखले १९०२ मध्ये, ३६ व्या वर्षी फर्ग्युसनमधून निवृत्त झाले, तेव्हा पत्नी हयात नव्हती आणि पदरी दोन मुली होत्या. दाखला बिनतोड. पण गोखले त्याच वर्षी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गेले, १९०५ मध्ये भारत सेवक समाज काढला, आणि ४८ व्या वर्षी गेले. हा आराम कुणाला हवा असेल तर त्यानं जरूर घ्यावा.

आता काय ठरलं ते. धाकटा दहा वर्षांचा होईपर्यंत नोकरी पूर्ण सोडायची नाही. चिरंजीवांनी कंपनीकडे आठवड्याला चार दिवस काम मागितलं आहे. पगार कमी होईल, विमा राहील. पाचव्या दिवशी स्वयंपाक, डबे आणि डॉक्टर त्यांच्याकडे. त्या दिवशी सूनबाई ऑफिसातून उशिरा येतील आणि आल्यावर भाकरी कोणी केली हे विचारणार नाहीत.

एक विनंती आहे. अप्पांनी रान बटाईला दिलंय तसंच चालू ठेवावं, वाटेकऱ्याला आत्ताच काही सांगू नये. पारावर विषय निघालाच तर पोरगा नोकरीत आहे एवढंच सांगावं. आणि चिरंजीव फोनवर विहिरीचं पाणी किती आहे, मोटार कितीची बसेल असं विचारायला लागले, तर त्यांना काहीएक आकडा सांगू नये.

आपली,
सूनबाई